शिळ्या कढीला ऊत

'शिळ्या कढीला ऊत आणणे' हा वाक्प्रचार आपण सारेच वापरतो. मिटलेला वाद कुणी पुन्हा उकरून काढला, जुनी तक्रार नव्याने मांडली, की आपण म्हणतो, "कशाला आता शिळ्या कढीला ऊत आणता?" ज्या कुणी हा वाक्प्रचार रूढ केला त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असली पाहिजे. कढीला कितीही ऊत आणला तरी ती ताजी होत नाही.

बोलण्यात आपण हे मान्य करतो. स्वयंपाकघरात मात्र आपली समजूत बरोबर उलटी असते. सकाळची आमटी दुपारभर ओट्यावर राहिलेली असते. रात्री ती पातेल्यात खदखदते आणि घरातले कोणीतरी म्हणते, "चांगली उकळी काढलीय, आता काय होतंय?" रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकला, तव्यावर चरचर आवाज झाला, की सगळ्यांचे समाधान होते. विस्तवाने सारे काही शुद्ध होते, ही श्रद्धा आपल्या मनात फार खोल आहे. ही श्रद्धा अर्धी खरी आहे आणि म्हणूनच धोक्याची आहे. साफ खोटी असती तर ती केव्हाच सुटली असती.

तेव्हा या अर्ध्या सत्याचाच आज आपण थोडा विचार करू. मी वैद्य नव्हे आणि रसायनशास्त्राचा जाणकारही नव्हे. पण यातले शास्त्र फारसे अवघड नाही. जो माणूस घर चालवतो, दूध-भाजी आणतो, मुलांचे डबे भरतो, त्याला समजेल इतके ते सोपे आहे.

अन्नातून होणाऱ्या विकारात तीन निरनिराळ्या गोष्टींचा हात असतो. पहिला खुद्द जंतू, दुसरे त्या जंतूचे बी आणि तिसरे त्याने अन्नात सोडलेले विष. उकळीने बहुतेक जंतू मरतात, हे खरे. परंतु काही जंतू प्रतिकूल काळात स्वतःभोवती टणक कवच करून बीजरूपाने राहतात. शास्त्रज्ञ त्यांना बीजाणू म्हणतात. हे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. आणि काही जंतूंनी सोडलेले विष तर अर्धा अर्धा तास उकळले तरी जसेच्या तसे राहते. म्हणजे चोराला घराबाहेर काढले, पण त्याने विहिरीत टाकलेले विष विहिरीतच राहिले, असा हा प्रकार होतो.

हे माणसाला कसे कळले, त्याची हकीगत ऐकण्यासारखी आहे. १९१४ साली फिलिपाईन्स बेटांत बार्बर नावाचे एक अमेरिकन संशोधक काम करत होते. तेथील एका गोठ्यावर ते गेले, की त्यांना हटकून मळमळ, उलटी आणि जुलाब होत. संशय दुधावर आला. त्यांनी गाईचे ताजे दूध पिऊन पाहिले, काही झाले नाही. मग तेच दूध काही तास उष्ण हवेत तसेच ठेवून प्याले, तर आजार ठरल्यासारखा आला. गाय दिसायला धडधाकट होती, पण तिच्या कासेत एका जातीचे जंतू होते. थोडे होते तोवर त्यांचा उपद्रव नव्हता. उबेत काही तास मिळाले, की ते वाढत आणि दुधात विष सोडत. गाय तीच, दूध तेच, पिणारा माणूसही तोच. फरक होता तो फक्त मधल्या काही तासांचा.

पुढे १९३० मध्ये शिकागो येथे डॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. मलई भरलेला केक खाऊन काही माणसे आजारी पडली होती. त्या केकमधले जंतू वाढवून, मग ते गाळून काढून, उरलेले जंतूविरहित पाणी त्यांनी राजीखुशीने पुढे आलेल्या माणसांना पाजले. ती माणसेही आजारी पडली. जंतू नसतानाही आजार होतो, तो जंतूंनी मागे ठेवलेल्या विषाने, हे त्यावरून सिद्ध झाले.

हे जंतू येतात कुठून? लांबून नव्हे. चांगल्या निरोगी माणसांपैकी अनेकांच्या नाकात आणि कातडीवर ते मुक्कामाला असतात. बोटाला नखुर्डे झाले असेल, हातावर पिकलेला फोड असेल, तर तेथे त्यांची दाटी असते. त्याच हाताने खवा मळला, पुरणाचे गोळे केले, शिजलेला बटाटा कुस्करला, की जंतू अन्नात उतरले. नंतर ते अन्न उबदार जागी पडून राहिले, की पुढचे काम ते आपले आपण करतात.

आता भाताकडे येऊ, कारण भात हा आपल्या घरातला रोजचा पाहुणा. १९७१ पासून पुढची काही वर्षे इंग्लंडमधल्या चिनी खाणावळींत भात खाऊन माणसे आजारी पडू लागली. चौकशीत असे आढळले, की या खाणावळींत भात एकदम मोठ्या प्रमाणावर शिजवून ठेवत. गार जागी ठेवला तर शिते एकमेकांना चिकटतात, म्हणून तो रात्रभर बाहेरच राही. गिऱ्हाईक आले, की तेवढा भात कढईत परतून गरमागरम वाढायचा. तांदळाबरोबर शेतातल्या मातीतून एका जंतूचे बीजाणू आलेले असत. शिजताना ते मरत नसत, उलट त्या उष्णतेने जागे होत. रात्रभरच्या उबेत त्यांची वाढ होई आणि त्यांनी सोडलेले विष परतण्याने जात नसे. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू होत.

हे वाचून आपल्या फोडणीच्या भाताची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. पण त्यावर बहिष्कार टाकण्याचे काही कारण नाही. त्या भाताने रात्र कुठे काढली, एवढाच प्रश्न विचारायचा.

येथे कुणी म्हणेल, "खराब झालेलं अन्न वासावरून कळतंच की!" कळते, पण सगळे नाही. दूध फाटणे, डाळ आंबणे, भाजीला तार सुटणे, ही कामे करणारे जंतू वेगळे. ते आपला वास, रंग, चव बदलून आधी वर्दी देतात. विष करणारे जंतू बहुधा अशी वर्दी देत नाहीत. ज्या बासुंदीने पंगत आजारी पडते ती बासुंदी अनेकदा चवीला उत्तम असते आणि लोकांनी ती मागून मागून घेतलेली असते. नाकावर विसंबणे चांगलेच, पण फक्त नाकावर विसंबू नये.

मग विसंबायचे कशावर? घड्याळावर. त्याचे गणित साधे आहे. सोयीची ऊब आणि ओल मिळाली, तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एका जंतूपासून धरा. एका तासात ८ झाले, दोन तासांत ६४, चार तासांत ४,०९६ आणि सहा तासांत २,६२,१४४. पहिल्या दोन तासांत फारसे काही घडल्यासारखे दिसत नाही. सारा अनर्थ नंतरच्या तासांत होतो. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ साध्या हवेत ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते ते याच हिशोबाने.

दुसरा हिशोब उष्णतेचा. ५ अंशांच्या खाली हे जंतू फार मंदावतात आणि ६० अंशांच्या वर त्यांची वाढ थांबते. मधला जो पट्टा, कोमट आणि गार यांच्यामधला, तो त्यांचा. आपली घरे, नागपूर असो की रत्नागिरी, वर्षाचे बाराही महिने याच पट्ट्यात असतात. म्हणून नियम असा, की अन्न वाफाळते गरम ठेवावे, नाही तर चांगले थंड ठेवावे. कोमट ठेवणे सर्वांत वाईट.

भांड्याचा आकारही येथे महत्त्वाचा आहे. वाटीभर आमटी अर्ध्या तासात निवते. पण लग्नघरातला मटणाचा रस्सा किंवा खिचडीचे मोठे पातेले झाकून ठेवले, तर वरून निवल्यासारखे दिसले तरी त्याचा गाभा कित्येक तास कोमट राहतो. तळाशी हवाही पोचत नाही, आणि हवा नसलेल्या जागीच वाढणारे काही जंतू आहेत. त्यांचेही बीजाणू उकळीतून वाचलेले असतात. यावर उपाय अगदी घरगुती आहे. उरलेले अन्न परातीत किंवा उथळ भांड्यांत पसरावे, चार भांड्यांत वाटावे, भांडी थंड पाण्यात ठेवावीत. ते लवकर निवते, मग झाकून फ्रिजमध्ये जाऊ द्यावे.

एवढे सगळे ऐकल्यावर एक आक्षेप हमखास येतो. "आमचे आजोबा जन्मभर शिळं खात आले, नव्वद वर्षं जगले. तेव्हा कुठे होता तुमचा फ्रिज?" हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर आजोबांच्याच शिदोरीत आहे. प्रवासाला निघताना आजी काय बांधून देत असे? दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या, कोरडी चटणी, लाडू, भडंग. यांत पाण्याचा अंश थोडा. जंतूला ओल लागते, ती त्यांत पुरेशी मिळत नाही. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा, मुरंब्यात साखर, दहीभातात दह्याचा आंबटपणा. या सर्व गोष्टी जंतूंना अडवतात. कढीसुद्धा ताकाची, म्हणून ती त्यातल्या त्यात बरी. ओल्या खोबऱ्याची चटणी, दुधाची खीर, शिजलेला बटाटा, वरणभात यांना असे कोणतेच कवच नाही. म्हणून हे पदार्थ त्या काळीही बहुधा जेवढ्यास तेवढेच होत आणि त्याच पंगतीला संपत. आजोबा शिळे खात, पण कोणते शिळे खायचे याला काही धरबंध होता. आज फ्रिज आल्यामुळे सर्वच शिळे एका रांगेत बसले आणि तो भेद आपण विसरलो.

फ्रिजबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ते थंड कपाट आहे, संजीवनी नव्हे. त्यात जंतू मरत नाहीत, नुसते सुस्तावतात. आतली थंडी ५ अंशांच्या आत हवी. कपाट गच्च भरले, की गार हवा खेळत नाही. वीज बराच वेळ गेली, तर दार पुन्हा पुन्हा उघडून पाहू नये. कच्चे मांस-मासळी खालच्या कप्प्यात झाकून आणि शिजवलेले वरच्या कप्प्यात, म्हणजे कच्च्याचे पाणी शिजवलेल्यावर गळणार नाही. उरलेला भात तासाभरात निववून आत ठेवावा आणि दुसऱ्याच दिवशी संपवावा. गरम करताना आतपर्यंत वाफ येऊ द्यावी, आणि तेही एकदाच, खायचा तेवढाच. एकच पातेले तीन वेळा बाहेर काढून तीन वेळा तापवणे म्हणजे दर खेपेला जंतूंना कोमट पट्ट्यातून फिरवून आणणे होय.

पिशवीतले दूध पाश्चरीकरण केलेले असते, म्हणून ती दुपारपर्यंत दारात लटकत ठेवली तरी चालते असे नाही. ज्या दुधाला ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून एकदम थंड केलेले असते त्यातले रोगजंतू जातात, बाकीचे काही राहतातच. ते घरी येताच थंड जागी गेले पाहिजे.

मुलांच्या डब्याचा प्रश्न थोडा नाजूक. डबा सकाळी सहाला भरला जातो आणि मधली सुट्टी अकराला होते, म्हणजे पाच तास गेले. त्यात पोळी, सुकी भाजी, थालीपीठ, चटणीपूड चालेल. ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर, अंडे, बटाट्याचे ओले सारण घातलेले पदार्थ उन्हाळ्यात टाळलेले बरे. आदल्या रात्रीची भाजी कोमट करून डब्यात भरणे हे तर मुळीच नको. कामाला जाणाऱ्या आईची सकाळची धांदल मी जाणतो. म्हणून सांगतो, रोज चार पदार्थ करण्यापेक्षा एकच कोरडा पदार्थ ताजा करून द्यावा.

उपवासाच्या भगरीचे प्रकरण याच माळेतले, पण जरा निराळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात एकादशीची भगर आणि आमटी खाऊन शेकडो माणसे आजारी पडली. दवाखान्यात जागा पुरेना, तेव्हा झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. भगर आणि तिचे पीठ ओल धरते आणि त्यावर बुरशी चढते. बुरशीनेही विष तयार होते, आणि शिजवल्याने ते सर्वच नाहीसे होईल अशी खात्री नसते. म्हणून अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या दिवसांत सांगत असते, की भगर पाकीटबंद आणि तारीख पाहून घ्यावी, निवडून धुऊन घ्यावी, पीठ लागेल तेवढेच ताजे दळावे, साठवलेले जुने पीठ वापरू नये. हीच गोष्ट कुबट वासाच्या शेंगदाण्यांची आणि बुरशी आलेल्या मक्याची. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सरहद्दीवरील आदिवासी भागात असा बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली होती. वरची बुरशी झटकून भाजून घेतले म्हणजे झाले, असे या बाबतीत कधीही म्हणू नये.

आपल्या देशात अन्नभेसळीविरुद्ध १९५४ साली कायदा झाला आणि त्याची जागा पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली. आज खाद्यपदार्थाच्या पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानांत सुट्या मिठाईपुढेही ती कधीपर्यंत खाण्यास चांगली ते लिहिणे आवश्यक झाले आहे. दुकानात गेल्यावर ती पाटी शोधावी, नसेल तर विचारावी. खव्याची मिठाई घेतली तर त्याच दिवशी संपेल एवढीच घ्यावी. पण कायदा दुकानापर्यंत येतो. आपल्या ओट्यावर दुपारभर राहिलेल्या पातेल्याची तपासणी करायला कोणी निरीक्षक येणार नाही. ते काम आपलेच.

आता शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अन्न टाकणे आपल्याकडे पाप मानतात, आणि ते योग्यच आहे. पण या भावनेतून एक चाल पडली आहे, तिच्याकडे डोळसपणे पाहावे. लग्नाची पंगत दुपारी दोनला उठते. उरलेला मसालेभात, बासुंदी, कोशिंबीर तशीच कोमट पडून असते. पाहुणे पांगतात, आवराआवर होते, आणि संध्याकाळी आठला यजमानांना आठवण होते, "अहो, एवढं अन्न उरलंय, वस्तीवर पाठवून द्या. निदान कामवाल्या बाईंना द्या." हेतू चांगला, यात शंका नाही. पण मधल्या सहा तासांचा हिशोब आपण वर केलाच आहे. जे अन्न आता आपण स्वतःच्या नातवाच्या ताटात वाढणार नाही ते आपण दुसऱ्याच्या नातवाला पाठवतो. त्याच्या घरी फ्रिज नाही, म्हणजे ते उद्या सकाळपर्यंत आणखी तसेच राहणार. पोर आजारी पडले तर आई-बापांचा दिवसाचा रोज बुडतो आणि औषधाचा खर्च अंगावर येतो. आपण पुण्य केले म्हणून निजतो आणि त्याची किंमत दुसरा देतो.

यावर उपाय अन्न टाकणे हा नव्हे, वेळेवर देणे हा आहे. शेवटची पंगत बसण्यापूर्वीच उरणार किती याचा अंदाज आचाऱ्याला येतो. त्याच वेळी, अन्न वाफाळत असताना, वेगळे काढून द्यावे. ते नेणारी माणसे आधी ठरवून ठेवावीत. मुहूर्ताची जशी वेळ पाहतो, तशी याचीही पाहावी. दुधाचे, खव्याचे, ओल्या खोबऱ्याचे पदार्थ उशिरा मुळीच देऊ नयेत. लाडू, पुऱ्या, कोरडे पदार्थ द्यावेत. आणि मुळात पाने मोजून अन्न शिजवावे. गणपतीच्या आणि सप्ताहाच्या महाप्रसादालाही हाच नियम. रात्रीच शिजवून ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी वाढण्यापेक्षा पहाटे चूल पेटवावी, लहान लहान घाणे करावेत. वाढणाऱ्यांना हात साबणाने धुवायला लावावेत आणि ज्याच्या हाताला जखम किंवा फोड आहे त्याला त्या दिवशी पाणी देण्याचे नव्हे, पत्रावळी मांडण्याचे काम द्यावे.

एवढे करूनही कोणाला उलट्या-जुलाब झालेच, तर पहिली काळजी अंगातल्या पाण्याची. एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजत राहावे. मीठ अधिक पडू देऊ नये. तान्हे मूल, म्हातारे माणूस, गरोदर बाई यांना, किंवा शौचात रक्त, जोराचा ताप, ग्लानी, लघवी थांबणे यांपैकी काही दिसल्यास कोणालाही, वेळ न घालवता डॉक्टरकडे न्यावे.

हे सगळे नियम एकदम लक्षात राहणार नाहीत. एक सवय मात्र आजपासून लावून घेता येईल. ओट्यावरचे पातेले उचलताना "हे गरम करू का?" असे विचारण्याआधी "हे किती वाजल्यापासून इथे आहे?" असे विचारावे. उत्तर कोणालाच ठाऊक नसेल, तर विस्तव पेटवण्याची तसदी घेऊ नये.